उधारीवर जेवलेली मुंबई



कोणतं शहर राहायला चांगलं, याची यादी हल्ली सरकारच काढतं. २०१८ साली केंद्र सरकारने १११ शहरांची अशी यादी जाहीर केली. पहिला नंबर पुण्याचा, दुसरा नवी मुंबईचा, तिसरा बृहन्मुंबईचा. पाणी, रस्ते, कचरा, शाळा, दवाखाने असं बरंच काही मोजून गुण दिले होते. ते मोजायलाच हवं. पण आपल्या गावातून जो कुणी हातात वळकटी घेऊन शहरात उतरला, त्याने पहिल्या दिवशी यातलं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, झोपायचं कुठं आणि जेवायचं कुठं? खिशात पैसे नसताना ताट कोण वाढेल?

या मापाने शहरं मोजली तर काय दिसतं, ते आज आम्ही सांगणार आहोत. सगळी मुंबई नाही घेत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग एवढीच घेतो. कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांतला कुणी ना कुणी तिथंच राहून, तिथंच जेवून आलेला आहे.

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला निघाली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ ला गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या पट्ट्यात चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. त्याला लोक गिरणगाव म्हणायला लागले. कामाला माणसं आली ती रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूर, पुणे, नगरहून. माणसं म्हणजे पुरुष. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या साधारण सव्वापाचशे. दोन पुरुषांमागे एक बाई, असंच म्हणा ना.

बाकीच्या बायका कुठं होत्या? त्या गावाला होत्या. शेत बघत, म्हातारी माणसं बघत, मनीऑर्डरची वाट बघत. गिरणीच्या पगारात मुंबईत अख्खं घर चालत नव्हतं. गिरणीमालकांना हा हिशेब मोठा सोयीचा होता. पोराला वाढवलं गावातल्या बाईने. तरुणपणी तो साच्यावर उभा राहिला. छाती भरली, डोळे गेले की पुन्हा गावाला, तिच्याच दारात. मधली वर्षं तेवढी मुंबईची. आणि त्या मधल्या वर्षांतही त्याला जेवू घातलं ते गिरणीने नाही.

आधी झोपायचं बघू. बीडीडी चाळी १९२० नंतर सरकारने बांधल्या. त्यातली खोली १६० चौरस फूट. आपल्याकडच्या एखाद्या गोठ्याएवढी. अशा एका खोलीत दहा-पंधरा गडी राहायचे, कधी त्याहून जास्त. गिरणी तीन पाळ्यांत चालायची म्हणून निभायचं. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक बाहेर गॅलरीत नाहीतर रस्त्यावर. कोकणातल्या गावांनी तर गावकीच्या खोल्या धरल्या होत्या. गावचा पोरगा आला की त्याची ट्रंक तिथं ठेवायची, भिंतीला एक खुंटी त्याची. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनीही हेच केलं. गिरगावाच्या दक्षिणेला धोबीतलावला त्यांचे ‘कूड’ आहेत, म्हणजे एकेका गावाचे क्लब. बोटीवर काम करणारे खलाशी दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथं राहायचे. कोकणी हिंदू असो, गोव्याचा किरिस्ताव असो, शहरात पाय ठेवायला जागा दिली ती गावाने. हे गाव-शहराचं नातं आपल्या लक्षात राहत नाही. आपण म्हणतो, मुंबईने पोसलं.

आता जेवायचं.

गिरणगावात खानावळ म्हटली की पाटी, टेबल, गल्ला असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. खानावळ म्हणजे चाळीतली तीच एक खोली. त्यात बाई, तिचा नवरा, पोरं, आणि वर जेवायला येणारे पाच गडी, दहा गडी, वीस गडी. काही जेवून जायचे, काही तिथंच पथारी टाकायचे. आपण बायका हिशेबाला बसू या जरा. समजा वीस गडी आहेत. एका वेळेला प्रत्येकी चार भाकऱ्या धरल्या, तर दोन वेळच्या झाल्या १६०. रोज. शिवाय भात, कालवण, घरच्यांचं वेगळं. एका शेगडीवर नाहीतर स्टोव्हवर. पाणी सार्वजनिक नळाचं आणि तेही पहाटेचं. पहिली पाळी सकाळी सातच्या भोंग्याला लागायची, म्हणजे डबा त्याआधी तयार. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, म्हणजे तोवर कुणाचं तरी ताट झाकून ठेवलेलं. या दोन टोकांच्या मध्ये तिने कधी झोपायचं, ते तुम्हीच सांगा.

ताट कसं असायचं? तिथंच तर खरी गोष्ट आहे. घाटावरचा गडी घाटावरच्या बाईकडे जेवायचा. त्याला ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा लागायचा. कोकणातला कोकणी बाईकडे. त्याला भात, कुळथाची पिठी, सुकट, जमलं तर बांगड्याचं तिखलं. रविवारी मटण. सणाला पुरण. आपल्या तालुक्याची चव चारशे किलोमीटरवर, धुराच्या शहरात मिळायची. लालबागला आजही मसाल्याची आणि चिवड्याची दुकानं ओळीने आहेत. उन्हाळ्यात बायका मिरच्या निवडून घेतात आणि डंकावर मसाला कांडून नेतात. मालवणी मसाला वेगळा, घाटी मसाला वेगळा. गिरणीचं सूत गेलं, पण हा ठसका तिथं अजून आहे.

मात्र हे सगळं गोडच होतं असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या माणसाच्या हातचं जेवण, याचा दुसरा अर्थ आपल्या जातीच्या हातचं, असा होता. खानावळी जातीजातीच्या होत्या. गिरणीतही तेच. कापड खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि त्यांचा उष्टा धोटा बाकीच्यांना चालायचा नाही. पाण्याची सोयही वेगळी. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे स्पष्ट मांडला. बाबासाहेब स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बरीच वर्षं राहिले होते. चाळीतलं जिणं त्यांनी पुस्तकातून वाचलेलं नव्हतं.

खानावळीच्या बाहेरचं मुंबईचं खाणं तुम्ही ऐकून असाल. इराणहून आलेल्या माणसांनी कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची हॉटेलं काढली. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, अजून चालू आहे. चहा आणि ब्रून-मस्का यावर माणूस तासभर बसायचा. इराण्याने पैसे विचारले, जात नाही विचारली, हे त्याचं मोठंच काम. दादरच्या पुढे माटुंग्याला उडुपीचे लोक आले. तिथलं रामा नायक यांचं जेवणघर १९४२ चं. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातल्या आपल्या माणसांनी १८९० च्या सुमाराला डबे पोचवायला सुरुवात केली. त्याचा मान महादू हावजी बच्चे यांना दिला जातो. आणि वडापाव. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरू केला, असं सांगतात. बटाटा आणि पाव दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. वर लसणीची चटणी तेवढी आपली. परक्या दोन वस्तू आणि आपला ठसका! मुंबईचं सगळं खाणं असंच, आलेल्या माणसांचं.

पण यात एक फरक बघा. इराण्याकडे, उडुप्याकडे, वड्याच्या गाडीवर पैसे रोख. बदलीवर लागलेल्या पोराकडे रोख कुठून येणार? ‘बदली’ म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवशी काम, नाहीतर परत. कायम कामगाराचाही पगार महिना भरल्यावर, वर काही दिवस उलटून. तोवर पोटाला कोण देणार? खानावळवाली. ती वाण्याकडून उधार आणायची, उधार आणलं म्हणून चढ्या भावाने आणायची, आणि गड्याला उधार जेवायला घालायची. पगार झाला की तो तिला द्यायचा, ती वाण्याला द्यायची. मध्ये कुणी पैसे बुडवून गावाला पळाला तर तिच्या अंगावर. मंगळसूत्र, भांडी सावकाराकडे. गिरणी कामगाराला महिनाभर उधारीवर पोसण्याचं काम खरं तर पगार थकवून ठेवणाऱ्या गिरणीचं. ते भांडवल घातलं एका खोलीतल्या बाईने, आणि त्याचं व्याजही तिनेच भरलं.

या बाया कोण होत्या? बऱ्याच जणी कामगारांच्याच बायका. कुणी विधवा, कुणी टाकलेली. आणि गिरणीतून काढलेल्याही. १९२० च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत पाचातली एक कामगार बाई होती. रिळावर, बॉबिनवर काम करायची. पुढे नवी यंत्रं आली. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता. पण मालकांनी त्यातून शहाणपणा हा घेतला की बायका ठेवायच्याच कशाला? संप-मोर्चात बायका पुढे असायच्या, तरी त्यांची संख्या घटतच गेली आणि शेवटी नावापुरती राहिली. बाई गिरणीतून बाहेर पडली ती चुलीपाशी आली. काम दुप्पट झालं आणि कामगार हे नाव गेलं.

आता गिरगावात येऊ. १९५९ साली, १५ मार्चला, गिरगावातल्या लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढे लिज्जत पापड. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याही बाहेरून आलेल्या समाजातल्या, त्यांचीही घरं लहान, त्यांच्याही हातात लाटणंच. मग लिज्जत एवढी मोठी झाली आणि खानावळवाली कर्जात का राहिली? आम्ही यावर बराच विचार केला. आम्हाला वाटतं, उत्तर पदार्थात आहे. पापड वाळतो, टिकतो, दुकानदाराला रोखीने विकता येतो. दहा बायका दहा घरी लाटून एका जागी आणून देऊ शकतात. जेवण टिकत नाही. ते आजच, इथंच, याच माणसाला वाढायचं. भुकेल्या माणसापुढे “आधी पैसे” म्हणायला जीभ उचलत नाही. गटातून धंदा करणाऱ्या बायांनी हा फरक जरा मनाशी ठेवावा.

दुसरी शहरंही बघू. सोलापूरही गिरण्यांचंच. पण तिथं तेलंगणातून पद्मशाली विणकर आले ते कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन. जेवण घरातच होतं. बाई विड्या वळून घर चालवायची. अहमदाबादही गिरण्यांचं. तिथं इला भट यांनी १९७२ साली गिरणी कामगारांच्या संघटनेतून ‘सेवा’ उभी केली, आणि १९७४ ला चार हजार बायांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची बँक काढली. भाजी विकणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या बायांची बँक. उधारीचं दुखणं तिथंही होतं, पण औषध लवकर सापडलं.

आणि हे फक्त आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात होमस्टेड नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव होतं. तिथं युरोपातल्या खेड्यांतून, स्लोव्हाक वगैरे लोकांतून, गडी एकटे यायचे. मार्गारेट बायिंग्टन या बाईंनी त्या गावाचा अभ्यास करून १९१० साली पुस्तक छापलं. त्यात आपल्या चाळीसारखीच खोली आहे. कारखान्यातल्या कामगाराची बायको आपल्या घरात गडी ठेवायची. त्यांचं जेवण करायची, कपडे धुवायची, झोपायला जागा द्यायची. मिळायचे गड्यामागे महिन्याला ३ डॉलर. एक मात्र बरं होतं. किराण्याचा खर्च वेगळा मांडून महिनाअखेर सगळ्यांत वाटला जायचा. तिच्या मेहनतीचा मोबदला थोडा, पण तो धान्याच्या भावात बुडून जात नव्हता. आमच्या लालबागच्या बाईने भाकरीतच पीठ, रॉकेल, पाणी, झोप सगळं धरलं होतं. ज्वारी महागली की तिचीच मजुरी कमी व्हायची.

हे बदलायला सुरुवात झाली ती एका संपामुळे. १९७४ च्या गिरणी संपात पगार बंद होता, पण खानावळी बंद नव्हत्या. प्रेमा पुरव तेव्हा कामगार चळवळीत होत्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात लहानपणीच उतरलेली ही बाई. त्यांच्या लक्षात आलं की संप चालतो तो या बायांच्या उधारीवर, आणि संघटनेच्या कागदावर त्यांचं नावही नाही. १९७५ साली त्यांनी १४ खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ ला झालेलं होतं. गरिबाला कर्ज द्या असं सरकारच सांगत होतं. पण तारण काय, हा प्रश्न आलाच. घर भाड्याचं, सोनं गहाण. मग बायांनीच एकमेकींची हमी घेतली. एकीने बुडवलं तर बाकीच्यांची पत जाईल, हेच तारण. चौदा जणींना दीड-दीड हजार रुपये मिळाले.

दीड हजारांत काय होतं? वाण्याची उधारी तुटते. धान्य रोखीने, घाऊक भावात आणता येतं. भाव करता येतो. बाईने काम तेच केलं, भाकऱ्या तेवढ्याच थापल्या, आणि हातात चार पैसे जास्त उरले. आपल्या बचत गटात आपण आज एकमेकींची जामीन राहतो ना, ते लालबाग-परळच्या बायांनी तेव्हा करून दाखवलं होतं. पुढे मंडळात हजारो जणी आल्या. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

मग १९८२ उजाडलं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. खानावळवालीने पुन्हा ताटं वाढली. एक महिना, दोन महिने, चार महिने. आधीच्या संपांचा तिला अनुभव होता. संप मिटतो, पगार येतो, उधारी फिटते. हा संप रीतसर कधी मिटलाच नाही. गडी एकेक करून गावाला परतले. तुमच्या-आमच्या घरी परतले. लाखाहून जास्त कामगारांची नोकरी गेली, ते आकडे पुस्तकांत आहेत. पण खानावळवालीच्या वहीत किती उधारी कायमची राहिली, याची गिनती कुणी केलेली आम्हाला सापडली नाही. तिला नुकसानभरपाई मिळण्याचा प्रश्नच नव्हता, ती कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. पुढे गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत निघाली, तीही कामगारांची. गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि टॉवर आले.

आज परळला आपल्या गावाहून कोण जातं? कापड विणायला कुणी जात नाही. जातात ते आजारी माणसाला घेऊन. केईएम रुग्णालय १९२६ चं, टाटा रुग्णालय १९४१ चं, दोन्ही त्याच परळला. कॅन्सरचा पेशंट, सोबत बाई, हातात पिशवी आणि तोच जुना प्रश्न: झोपायचं कुठं, जेवायचं कुठं? दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथं टाटाच्या पेशंटांची सोय होते. रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो. पहिल्याच दिवशी तिथं जाऊन राहण्या-जेवणाचं विचारायचं, लाजायचं नाही. तरी फुटपाथवर दिवस काढणारी माणसं तुम्हाला दिसतील. दाते लोक येऊन जेवणाची पाकिटं वाटतात. ते पुण्याचं काम खरंच. पण ज्याच्या तोंडाला केमोने चव नाही, त्याला मऊ भात-पेज करून कोण देणार? पूर्वी पलीकडच्या चाळीत कुणीतरी गाववाली होती.

दादर-गिरगावात आता पोळीभाजी केंद्रं आहेत. कामावर जाणाऱ्या बायका संध्याकाळी तिथून पोळ्या घेऊन जातात. पोळ्या लाटणाऱ्या बायका बहुतेक लांबून, लोकलने येतात. रोख पैसे घेऊन रात्री परत जातात. उधारी नाही, ही केवढी तरी सुधारणा आहे. फक्त पोळीमागे तिच्या वाट्याला काय येतं, ते कधी गेलात तर तिलाच विचारा.

एक काम तुमच्यासाठी. तुमच्या घरात, भावकीत कुणी गिरणीत होतं का? तो माणूस हयात असेल तर त्याला विचारा, खानावळ कुणाकडे होती. बहुतेक जण सांगतात, “एक मावशी होती.” पुढचं विचारा. मावशीचं नाव काय, कुठली चाळ, कुठल्या गावची, कालवणाला काय असायचं, शेवटचे पैसे चुकते झाले का. पोस्टकार्डावर एवढं लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर गटाच्या बैठकीला सांगा, सचिव लिहून घेईल. आलेली नावं आम्ही रेडिओवर वाचून दाखवू.